यादीत नसलेला धातू



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरला. हळदीने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारल्या, परदेशी जर्नलमध्ये छापून आलंय, तेव्हा सकाळ-संध्याकाळ हळद घ्या आणि निर्धास्त राहा. खाली जोडलेल्या हातांची रांग. दोघा-तिघांनी मला वेगळा मेसेज टाकून विचारलं, "हे खरं आहे का रे?"

यूपीआयच्या फसवणुकीबद्दल किंवा पासवर्डबद्दल विचारता तेव्हा मी लगेच उत्तर देतो. इथे थोडा वेळ लागला. मी बीई कॉम्प्युटर, जीवशास्त्राशी संबंध दहावीला संपला. पण आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं: "माझ्या मशीनवर तर चालतंय." म्हणजे प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालतो, ग्राहकाकडे गेला की बंद पडतो. कारण शोधायला बसलं की बहुतेकदा प्रोग्रॅममध्ये काही सापडत नाही. त्या पहिल्या मशीनवर कोणीतरी कधीतरी टाकून ठेवलेली एखादी फाइल असते, जी यादीत कुठेच लिहिलेली नसते. डिशमधल्या पेशी आणि औषधं यांच्याबद्दल वाचायला लागलो आणि मला तीच गोष्ट जागोजागी दिसली. फक्त तिथे यादीत नसलेली वस्तू म्हणजे बहुतेकदा एखादा धातू असतो. लोह, तांबं, जस्त. चिमूटभरही नाही, चिमटीच्या हजाराव्या भागाएवढा.

आधी ही डिश म्हणजे काय ते बघू. पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवतात, त्यांना लागणारं खाणं-पिणं एका द्रावणातून मिळतं, त्याला मीडियम म्हणतात. मीडियमच्या ठरलेल्या पाककृती आहेत आणि जगभर त्याच वापरतात. आता गंमत बघा. आरपीएमआय १६४० नावाच्या अतिशय लोकप्रिय पाककृतीत लोह, तांबं, जस्त यांपैकी काहीही घालायला सांगितलेलं नाही. डीएमईएम या दुसऱ्या पाककृतीत लिटरला ०.१ मिलिग्रॅम फेरिक नायट्रेट आहे, म्हणजे थोडं लोह. हॅमच्या एफ-१२ मध्ये लोह आहे, जस्त आहे आणि लिटरला ०.००२५ मिलिग्रॅम मोरचूदही आहे, म्हणजे तांबं. तीन पाककृती, तिन्हींत धातूंचा हिशेब निराळा. त्यावर साधारण १० टक्के सीरम घालतात, ते बहुतेक गाईच्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढलेलं असतं. सीरम आलं की त्याच्याबरोबर त्या जनावराचं लोह, तांबं आणि जस्तही आलं. किती, ते बाटलीगणिक बदलतं. म्हणजे आरपीएमआयच्या यादीत तांबं नसलं तरी डिशमध्ये तांबं असतंच.

यामुळे फरक पडतो का? काही औषधांच्या बाबतीत सगळा फरक यानेच पडतो.

ब्लिओमायसिन घ्या. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. याच उमेझावांनी १९५७ साली कॅनामायसिन हे अँटिबायोटिक शोधलं होतं. ब्लिओमायसिन हाती आलं ते निळ्या रंगाचं, कारण त्याने तांबं धरून ठेवलेलं होतं. पुढे तांबं काढून टाकून ते औषध म्हणून वापरायला लागले. डीएनएचे तुकडे पाडणं हे त्याचं काम, पण पहिल्या काही वर्षांत ते काम कसं होतं याचा मेळ लागत नव्हता. परीक्षानळीत डीएनए आणि ब्लिओमायसिन घ्या, एक विशिष्ट रसायन घाला, डीएनए तुटतं. धातू पकडून ठेवणारं दुसरं एखादं रसायन घाला, तुटायचं थांबतं. पण धातू तर कोणी घातलाच नव्हता!

१९७६ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की खरी कात्री लोहाची आहे. ब्लिओमायसिन लोहाचा एक अणू पोटाशी धरतं, त्या लोहाला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि ही त्रयी डीएनएचा धागा कापते. लोह काढून घ्या, औषध नुसतं बसून राहतं. आधीच्या प्रयोगांमध्ये लोह कुठून आलं? रसायनांमध्ये आणि पाण्यात अंशरूपाने असतंच ते. कोणी घातलं नव्हतं, म्हणून कोणी मोजलं नव्हतं.

मला हे वाचून आमच्या ऑफिसातले दोन-तीन जुने बग आठवले, पण ते राहू दे.

आता हळद. हळदीतल्या कर्क्युमिनवर, द्राक्षांतल्या आणि चहातल्या अशाच घटकांवर आपल्याकडे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात एस. एम. हादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे पदार्थ पेशीतल्या तांब्याशी गाठ पडली की जळजळीत ऑक्सिजनचे रेणू तयार करतात आणि डीएनए तोडतात. तांबं पकडून ठेवणारं रसायन आधी घातलं तर तोडफोड कमी होते. कॅन्सरच्या पेशींमध्ये तांबं जास्त असतं असं अनेकदा आढळलंय, म्हणून तिथे हा परिणाम जास्त व्हावा, हा त्यांचा कयास. म्हणजे ज्या हळदीला आपण विटामिनसारखी रक्षण करणारी मानतो, तीच तांब्याच्या संगतीत उलट वागते. कल्पना चांगली आहे आणि नुसती गप्प नाही, त्यामागे प्रयोग आहेत.

पण डिशमधून आपल्या रक्तात यायचं तर मध्ये दोन नाले ओलांडावे लागतात. एक म्हणजे कर्क्युमिन टिकत नाही. सीरम नसलेल्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के मोडून जातं. दुसरं, ते पोटातून रक्तात फार थोडं पोचतं. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. ८ ग्रॅम हळद नव्हे, शुद्ध कर्क्युमिन. हळदीत ते जेमतेम काही टक्केच असतं. तरीही रक्तातलं प्रमाण सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आसपासच गेलं. डिशमधल्या प्रयोगांत १०, २०, ५० मायक्रोमोलर सहज वापरतात. एकक लक्षात ठेवू नका, आकडे शेजारी ठेवून बघा.

तर त्या फॉरवर्डला माझं उत्तर: पेशी मेल्या असतील. त्या डिशमध्ये, त्या मीडियममध्ये, तेवढ्या प्रमाणात. डॉक्टरांच्या औषधाऐवजी हळद घेऊन निर्धास्त राहण्याचा सल्ला मात्र त्या प्रयोगातून कुठूनही निघत नाही. वरणातली हळद आहे तिथेच राहू द्या.

इथेच थांबता आलं असतं. पण यादीत नसलेल्या धातूची सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती अशी की त्यामुळे आजवर लाखो लोकांना दिलं गेलेलं औषध सापडलं.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पेशी दोन होताना सूक्ष्मदर्शकाखाली जी आकृती दिसते, ती त्यांना लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरावा तशी वाटायची. मग पेशींच्या विभाजनावर विजेचा काही परिणाम होतो का, हे बघायचं त्यांनी ठरवलं. ई. कोलाय जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या सोडल्या आणि वीज चालू केली. प्लॅटिनमच का? कारण प्लॅटिनम कशातच मिसळत नाही असं धरून चालतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला होतं किंवा आहे. पेट्रोल तयार करताना प्लॅटिनम कॅटॅलिस्ट म्हणून चालतं, वर्षानुवर्षं, ते त्यांना विचारा.

वीज चालू झाली आणि जिवाणूंचं विभाजन बंद पडलं. मेले नाहीत. वाढत राहिले, पण दोन होईनात. शेवयांसारखे लांब होत गेले, नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंत. कोणालाही वाटेल की विजेने काम केलं. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसं जाहीर करायची घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी एक-एक गोष्ट बदलून पाहिली. वीज दिलेलं द्रावण नव्या जिवाणूंवर, वीज न लावता, टाकलं. तरीही शेवया. म्हणजे वीज नव्हे, द्रावणात काहीतरी तयार झालंय. द्रावणात अमोनियम क्लोराइड होतं. वीज वाहताना पट्टीवरचं थोडं प्लॅटिनम सुटलं, अमोनिया आणि क्लोराइड यांच्याशी जोडलं गेलं. कशातच न मिसळणारा धातू मिसळला होता, काही थोड्या भाग प्रति दशलक्ष इतका.

मग त्यांनी तसं प्लॅटिनमचं संयुग बाहेरून तयार करून टाकलं तर काही होईना! ताजं द्रावण निकामी, ठेवून दिलेलं, उजेड लागलेलं द्रावण मात्र चालायचं. उजेडाने रेणूतली मांडणी बदलत होती. शेवटी नेमका रेणू सापडला. त्याला आज सिसप्लॅटिन म्हणतात, आणि तो नवा मुळीच नव्हता. मिकेले पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तो १८४४ सालीच बनवला होता. सव्वाशे वर्षं तो पुस्तकात पडून होता. जिवाणूंवरचा निबंध १९६५ साली 'नेचर'मध्ये आला, उंदरांच्या गाठींवरचा १९६९ साली, आणि १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. इंडियाना विद्यापीठात लॅरी आइनहॉर्न यांनी १९७४ पासून वृषणाच्या कॅन्सरवर तीन औषधं एकत्र देऊन पाहिली: सिसप्लॅटिन, व्हिनब्लास्टिन आणि आपलं मघाचं ब्लिओमायसिन. हा कॅन्सर तरुण मुलांना होतो. पसरला की त्याआधी फार थोडे वाचायचे. आज पसरलेल्या अवस्थेतही दहापैकी साधारण आठ जण बरे होतात. त्या तीन औषधांपैकी एकाच्या पोटात प्लॅटिनम आहे आणि दुसरं लोहावर चालतं.

सिसप्लॅटिन पेशीत शिरतं तेव्हाही धातूंचीच माणसं दारात उभी असतात. पेशीच्या भिंतीवर तांबं आत घेणारं एक प्रथिन असतं, सीटीआर १ नावाचं. २००२ साली संशोधकांनी दाखवलं की हे प्रथिन नसलेल्या यीस्टच्या आणि उंदराच्या पेशींवर सिसप्लॅटिनचा परिणाम कमी होतो. तांब्याचं दार प्लॅटिनमलाही चालत असावं. हे एकच दार आहे का, त्याचा वाटा किती, यावर पुढे बरीच उलटसुलट मतं आली. आत गेल्यावर मेटॅलोथायोनिन भेटतं. हे छोटंसं प्रथिन १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं, साठ-पासष्ट मण्यांच्या माळेत वीस मणी गंधकाचे. धातू दिसला की धरून ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. जस्त वाढलं की पेशी हे प्रथिन जास्त बनवते. आणि ते प्लॅटिनमही धरून ठेवतं. १९८८ साली असं दिसलं की ज्या पेशींना हे प्रथिन जास्त बनवायला लावलं त्या सिसप्लॅटिनला दाद देईनात.

म्हणजे ढाल आहे. पण कोणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून. गाठीच्या पेशीच्या हातात गेली तर वाईट, मूत्रपिंडाच्या हातात असेल तर चांगली, कारण सिसप्लॅटिनचा मोठा त्रास मूत्रपिंडालाच होतो. जपानी संशोधकांनी १९८७ साली उंदरांना आधी बिस्मथ या धातूचा क्षार दिला. त्याने मूत्रपिंडात मेटॅलोथायोनिन वाढलं, मूत्रपिंडं सांभाळली गेली आणि गाठीवरचा औषधाचा परिणाम कमी झाला नाही. प्रयोग उंदरांवरचा आहे, घरी करायचा नाही.

या औषधाच्या माहितीपत्रकातली एक ओळ मला फार आवडते. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा नळी वापरू नका, कारण सिसप्लॅटिनची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन साका बसतो आणि औषधाची ताकद जाते. आमच्याकडे अशा ओळीला कॉम्पॅटिबिलिटी म्हणतात आणि ती कोणी वाचत नाही. केमोच्या वॉर्डातल्या सिस्टर मात्र वाचतात.

आतापर्यंत धातू औषधाला मदत किंवा अडथळा करत होता. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत तो भलत्याच पेशी मारतो. हे ते लालभडक औषध, ज्याला पेशंट लोक 'रेड डेव्हिल' म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरवर वर्षानुवर्षं वापरात आहे. त्याची मर्यादा हृदय आहे. म्हणून आयुष्यभरात मिळून किती डोस द्यायचा याला वरची हद्द असते, आणि म्हणूनच केमोच्या आधी टू-डी इको काढायला सांगतात. डॉक्सोरुबिसिन लोहाशी जोडलं जातं, त्या जोडीतून तेच जळजळीत ऑक्सिजनचे रेणू निघतात, आणि ते निपटणारी यंत्रणा हृदयाच्या पेशींत तोकडी असते. यावर उतारा म्हणून डेक्सराझोक्सेन आलं. पेशीत गेल्यावर ते उलगडतं आणि लोह पकडून ठेवतं. अमेरिकेत त्याला १९९५ साली परवानगी मिळाली आणि त्याने हृदय वाचतं हे रुग्णांवर सिद्ध झालेलं आहे.

मात्र वाचतं ते लोह पकडल्यामुळेच का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१२ साली उंदरांवर दिसलं की हृदयाच्या पेशींतलं टोपोआयसोमरेज दोन-बीटा हे एक एन्झाइम काढून टाकलं तर डॉक्सोरुबिसिनचा हृदयाला होणारा त्रास खूप कमी होतो. आणि डेक्सराझोक्सेन त्या एन्झाइमवरही काम करतं. उत्तर बरोबर आलंय, रीत कोणती ते भांडण चालू आहे. शाळेत असं झालं की आमचे सर अर्धेच मार्क द्यायचे. इथे पेशंटला पूर्ण मिळतात, तेवढं पुरे.

आता वळू तांब्याकडे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात एव्हाना घरातला तांब्याचा जग आला असणार.

दारू सोडवायला दिलं जाणारं डायसल्फिरॅम नावाचं जुनं औषध आहे, १९५१ पासूनचं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते तांब्याशी जोडलं की कॅन्सरच्या पेशींना घातक ठरतं, हे २०१७ साली 'नेचर'मध्ये आलं. डिशमध्ये नुसतं औषध मामुली, तांब्यासह जहाल. डेन्मार्कच्या सरकारी नोंदींतही असं दिसलं की कॅन्सर झाल्यावर जे हे औषध घेत राहिले त्यांच्यात कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होते. केवढी आशा! मग स्वीडन आणि नॉर्वेमध्ये मेंदूच्या परतलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या ८८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली: निम्म्यांना केमोबरोबर डायसल्फिरॅम आणि तांब्याची पूरक गोळी, निम्म्यांना नुसती केमो. २०२३ साली निकाल आला. आयुष्य वाढलं नाही, त्रास मात्र वाढला.

दुसरं औषध एलेस्क्लोमोल. ते तांबं उचलून थेट पेशीच्या वीजघरात, मायटोकाँड्रियात, नेऊन सोडतं. त्वचेच्या मेलानोमावर ६५१ रुग्णांची मोठी चाचणी चालली होती, ती २००९ साली थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या गटात मृत्यू जास्त होते. त्या वेळी ते नेमकं कसं मारतं हेच नीट ठाऊक नव्हतं. २०२२ साली अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधून उत्तर आलं. तांबं पकडून ठेवणारं रसायन डिशमध्ये घातलं की पेशी वाचतात. लोह पकडणारं घातलं तर वाचत नाहीत. मारणारं तांबंच आहे. वीजघरातल्या काही प्रथिनांना ते चिकटतं आणि त्यांचे गोळे होतात. पेशी मरण्याच्या या नव्या तऱ्हेला नाव मिळालं कप्रोप्टोसिस. ज्या पेशी वीजघरावर जास्त अवलंबून त्या आधी मरतात. जुन्या चाचणीतही आकडे पुन्हा चाळल्यावर काही रुग्णांना फायद्याची चिन्हं होती, काहींना नुकसान. कोण कोणत्या गटात हे आधी ठाऊक असतं तर चाचणी वेगळी आखली असती.

एलेस्क्लोमोलला दुसरं काम मिळेल असं दिसतंय. मेंकीस नावाच्या जन्मजात आजारात बाळाच्या शरीरात तांबं पोचत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विशाल गोहिल यांच्या गटाने २०२० साली दाखवलं की असा आजार असलेल्या उंदरांना हेच औषध दिलं तर तांबं मेंदूपर्यंत पोचतं आणि ती जगतात. पेशी मारायला आणलेला हमाल, पोषणाचं ओझं वाहायलाही चालतो.

तर तांब्याचा जग. आपल्या शरीरात सगळं मिळून लोह ३ ते ४ ग्रॅम, जस्त २ ग्रॅमच्या आसपास आणि तांबं जेमतेम ०.१ ग्रॅम असतं. दिवसाला गरज एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. आणि हे तांबं मोकळं फिरत नाही. यीस्टच्या पेशीवर १९९९ साली केलेला हिशेब सांगतो की एका पेशीत मोकळ्या तांब्याचा सरासरी एक अणूसुद्धा नसतो. प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या प्रथिनाचा हात धरून चालतो. त्यामुळे तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं आणि पेशीत तांब्याचा पूर आला, असं होत नाही. तसंच त्याने केमोला बळ येतं असंही नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. साधं पाणी रात्रभर ठेवलं तर चिंता नाही. लिंबू, ताक, चिंच मात्र उघड्या तांब्या-पितळेत ठेवू नका. दांडिया बाजाराच्या गल्लीतून कल्हईवाला ओरडत जायचा तो उगाच नव्हे. आंबटाने तांबं सुटतं हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरी काळजी जगाची नाही, डब्यांची आहे. आमच्या आत्याची केमो सुरू झाली तेव्हा प्रत्येक भेटायला येणाऱ्याने काहीतरी आणलं. जस्ताच्या गोळ्या, कर्क्युमिनच्या कॅप्सूल, एक मल्टिविटामिन, बडोद्याबाहेरून आलेली एक पुडी जिच्यावर नुसतं 'भस्म' एवढंच लिहिलेलं. ताम्र भस्म, लोह भस्म, यशद भस्म, नावंच बघा ना, धातूच आहेत. शिवाय डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून दिलेली लोहाची गोळी होतीच. आत्या म्हणाली, "एवढ्या प्रेमाने आणलंय, नाही कसं म्हणायचं रे?" मी तिला म्हटलं, "नाही म्हणू नकोस, यादी कर." आम्ही प्रत्येक डब्याचा, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढला, जिथे झिंक किती, कॉपर किती ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि एका कागदावर उतरवलं. कधी घेते, किती घेते, हेही.

पुढच्या सायकलला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला. लोहाच्या गोळीपुढे 'चालू' लिहिलं. जस्त, कॅप्सूल आणि मल्टिविटामिन केमो संपेपर्यंत बंद. पुडीबद्दल विचारलं, "यात काय आहे?" कोणालाच सांगता येईना. "मग तेही बंद." आत्याने तांब्याच्या जगाचं विचारलं, तर म्हणाले, "पाणी भरपूर प्या, ते कशातून का असेना." आणि मग म्हणाले की दर सायकलला हा कागद नवा करून आणा, बहुतेक घरांतून असा कागद येतच नाही.